लिनक्सवर स्क्रीन भलतीच मोठी दिसतेय? आधी यादी वाचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतून आणि वागळे इस्टेटच्या छोट्या ऑफिसांतून निघालेले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे पीसी आता घरांत येऊन पडलेत. मशीन ठणठणीत असतं. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकलं की मुलांचा अभ्यास, सोसायटीचे हिशेब, बँकेची कामं असं सगळं निभतं. अडतं ते बऱ्याचदा पडद्यापाशी. मॉनिटरच्या खोक्यावर फुल एचडी छापलेलं, आणि समोर मात्र आयकॉन भलेमोठे, अक्षरं धुरकट, खिडक्या अर्ध्या बाहेर.

मग कोणीतरी इंटरनेटवरून तीन-चार ओळींच्या कमांड उतरवून आणतं. त्या टाकल्या की कधी चित्र सुधारतं, कधी पडदा काळा होतो, आणि सुधारलं तरी दुसऱ्या दिवशी पीसी चालू केल्यावर पुन्हा तेच. कमांड चुकीच्या असतात असं नाही. पण त्या कोणत्या दुखण्यावर आहेत हे न बघता दिल्या जातात.

सेटिंग्जमध्ये दिसणारी रिझोल्यूशनची, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके याची, यादी मॉनिटर, केबल, ग्राफिक्स चिप आणि ड्रायव्हर या चौघांची मिळून बनते. चौघांना जे एकत्र जमतं तेवढंच त्या यादीत येतं. म्हणून फोनवरून मदत मागणाऱ्याला मी पहिला प्रश्न तोच विचारतो: "काका, यादीत सगळ्यात वर काय लिहिलंय?" उत्तरावरून चौघांतला कोण रुसलाय हे बऱ्यापैकी कळतं.

यादी नीट बघायची तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा इंग्रजी अक्षरं लहान लिपीत जोडून टाइप करा. पुढे तिला एक्सरँडआर म्हणू. मिंटसारख्या एक्स११ वर (पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर) चालणाऱ्या डेस्कटॉपवर ही कमांड प्रत्येक पोर्टचं नाव, त्याला काही जोडलंय का, आणि कोणती रिझोल्यूशनं मिळतात ते छापते. आत्ता चालू असलेल्यापुढे चांदणी असते, मॉनिटरच्या आवडीच्यापुढे अधिकचं चिन्ह.

वर १०२४ × ७६८, आणि खाली ८४८ × ४८०

यादी १०२४ × ७६८ वर थांबली असेल आणि खाली ८०० × ६००, ८४८ × ४८० आणि ६४० × ४८० असेल, तर निदान झालंच म्हणून समजा. ८४८ × ४८० हा आकडा कोणी मुद्दाम निवडत नाही. मॉनिटरने स्वतःची ओळखच सांगितली नाही की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ही ठरावीक, कुठल्याही पडद्याला झेपेल अशी यादी पुढे करतो आणि त्यातलं १०२४ × ७६८ निवडतो.

ही ओळख म्हणजे ईडीआयडी. प्रत्येक मॉनिटरमध्ये एका छोट्या मेमरीत ती साठवलेली असते. मूळ भाग फक्त १२८ बाइटचा. कंपनी कोणती, पडदा किती सेंटिमीटरचा, मूळ रिझोल्यूशन काय, सेकंदाला किती वेळा चित्र बदलता येतं, हे सगळं त्यात. लग्नाच्या बायोडाट्यासारखंच: समोरच्याने तो वाचल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. व्हेसा या संस्थेने हे १९९४ मध्ये ठरवून दिलं. त्याआधी मॉनिटरचे आकडे माणसालाच एका फाइलीत हाताने भरावे लागत, आणि काचेच्या जुन्या मॉनिटरला भलते आकडे दिले तर तो बिघडण्याचीही भीती असे.

बायोडाटा पोचला नाही, तर बहुतेक वेळा तो वाटेत हरवलेला असतो. व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून ईडीआयडी जातो. लाल, हिरवा आणि निळा रंग वेगळ्या पिनांवरून जातात. म्हणून या दोन तारा नसलेल्या केबलवर चित्र व्यवस्थित येतं, रंगही बरोबर असतात, आणि "केबल तर चालतेय की" असं म्हणून आपण ड्रायव्हरच्या मागे लागतो. स्वस्त केबलींत नेमकी हीच काटकसर झालेली असते. प्लगच्या पिनांची तिसरी ओळ बघा: एका टोकाकडून दुसरी पिन आणि थेट दुसऱ्या टोकाची पिन, या दोन हव्यात. मधल्या ओळीत एखादी पिन कमी असेल तर त्याने इथे काही बिघडत नाही. अर्थात पिन दिसते म्हणून आतली तार जोडलेली असेलच असं नाही.

एचडीएमआयमध्येही ओळखीच्या तारा वेगळ्याच असतात, १५ आणि १६ नंबरच्या. केबल सैल बसली, पावसाळ्याच्या दमटपणात कनेक्टरवर थर चढला, किंवा एचडीएमआय ते व्हीजीए असा छोटा अडॅप्टर मध्ये घातला, तरी हाच प्रकार घडतो. दोन पीसींना एक मॉनिटर वाटून देणारा केव्हीएम स्विच तर याबाबतीत बदनामच आहे. काही स्विच मॉनिटरचा बायोडाटा पुढे देतच नाहीत, काही स्वतःचाच देतात. ओळखीचा पहिला भाग पोचला पण पुढची पुरवणी गळाली, तर आणखी गंमत होते. चित्र बरं दिसतं, पण मॉनिटरच्या स्पीकरमधून आवाज येत नाही, कारण आवाजाची माहिती पुरवणीत असते.

खात्री करायला एक्सरँडआरपुढे एक मोकळी जागा सोडून, दोन डॅश आणि पी-आर-ओ-पी-एस हा शब्द जोडा. आता तुमच्या पोर्टच्या नावाखाली ईडीआयडी असं लिहून अक्षर-आकड्यांचा एक ठोकळा छापला जायला हवा. तो दोन शून्यांनी सुरू होतो, मग बारा एफ, मग पुन्हा दोन शून्यं. जगातल्या प्रत्येक मॉनिटरचा ईडीआयडी असाच सुरू होतो, त्यामुळे ओळखायला सोपा. १२८ बाइटच्या आठ ओळी होतात, पुरवणी असेल तर सोळा. ठोकळाच नसेल, तर एकही कमांड न देता केबल बदला. ठाणे स्टेशनबाहेरच्या पहिल्या दुकानातली सगळ्यात स्वस्त केबल घेण्यापेक्षा, शेजाऱ्याच्या चालू मॉनिटरची केबल दहा मिनिटं मागून आणून लावून बघणं शहाणपणाचं.

एक गोष्ट राहून जाते ती इथेच सांगतो. पीसीला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल त्या कार्डाच्या पोर्टात हवी. मागच्या बाजूला वरच्या अंगाला मदरबोर्डाचे पोर्ट असतात आणि टेबलाखाली वाकून केबल खोचताना हात तिकडेच जातो.

यादीत एकच आकडा, आणि पोर्टचं नाव भलतंच

पोर्टचं नाव एचडीएमआय-१ किंवा व्हीजीए-१ असं काही न येता नुसतं डीफॉल्ट किंवा नन-१ असं आलं, आणि रिझोल्यूशन एकच दिसलं, तर मॉनिटर आणि केबलला दोष देऊ नका. ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर चालूच झालेला नाही. पीसी सुरू होताना फर्मवेअरने, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामने, जे चित्र लावून दिलं, त्यावरच सगळं भागवलं जातंय.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, वेगळे बसवावे लागत नाहीत. (विंडोजच्या सवयीने इंटेलच्या साइटवर ड्रायव्हर शोधत बसणारे बरेच भेटतात. तिथे वेळ घालवू नका.) मग ड्रायव्हर चालू का नाही? पहिला संशयित नोमोडसेट हा शब्द. लिनक्स बसवताना पडदा काळा होत असेल तर ग्राफिक्स तात्पुरतं साधं ठेवण्यासाठी हा शब्द ग्रबमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना येणाऱ्या मेनूत, घातला जातो. काम झाल्यावर तो काढायचा असतो, आणि नेमकं तेच राहतं. फाइल मॅनेजरमध्ये सगळ्यात मूळ फोल्डरपासून प्रॉक नावाच्या फोल्डरात जा, तिथे सीएमडीलाइन नावाची फाइल उघडा. कर्नलला सुरू होताना काय काय सांगितलं गेलं ते एका ओळीत दिसेल. नोमोडसेट त्यात असेल, तर ईटीसी फोल्डरातल्या डीफॉल्टमधल्या ग्रब फाइलीतून तो पुसा आणि अपडेट-ग्रब ही कमांड सुडोसकट, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवा.

दुसरा संशयित एनव्हिडिया. तिचा स्वतःचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधावा लागतो, आणि डीकेएमएस नावाची सोय ते अपडेटच्या वेळी आपोआप करते. ते बांधकाम फसलं, किंवा बायोसमधल्या सिक्युअर बूटने सही नसलेला ड्रायव्हर अडवला, तर काल फुल एचडी असलेला पडदा आज अपडेटनंतर जुनाट दिसायला लागतो. "काही केलं नाही, आपोआप झालं" ही तक्रार आली की बहुधा मागे हे असतं. चालू होताना ग्रबमधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. चित्र नीट आलं तर निदान पक्कं. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजरमधून सुचवलेला ड्रायव्हर पुन्हा बसवा, आणि त्या वेळी पासवर्ड ठरवायला सांगितलं तर तो लक्षात ठेवा. पुढच्या वेळी पीसी चालू होताना निळ्या पडद्यावर सहीला मान्यता देण्यासाठी तोच मागितला जातो. घाईत तो पडदा एंटर दाबून घालवला, तर मान्यता राहून जाते.

यादी भरगच्च, पण हवा तो आकडा नाही

इथे हिशेब करावा लागतो, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

१९२० × १०८० चे सेकंदाला ६० वेळा ठिपके पाठवायचे तर गुणाकार येतो साधारण १२ कोटी ४४ लाख. प्रत्यक्षात केबलवरून जातात १४ कोटी ८५ लाख, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्‌झ. जास्तीचे कुठून आले? काचेच्या मॉनिटरमध्ये एक ओळ रंगवून झाली की किरणाला पुन्हा डावीकडे यायला वेळ लागायचा, आणि पूर्ण चित्र झालं की तळातून वर जायला. तेवढा वेळ रिकामा सोडावा लागे. किरण गेला, पण रिकामी जागा प्रमाणात तशीच राहिली. म्हणून फुल एचडीचं चित्र तारेवर २२०० × ११२५ एवढं मोठं असतं. २२०० गुणिले ११२५ गुणिले ६०, करून बघा.

या वेगाला प्रत्येक पोर्टची एक मर्यादा असते. समजा कोपरखैरण्यातल्या कोणी तिसऱ्या पिढीच्या आय५ ला नवा २७ इंची, २५६० × १४४० चा मॉनिटर एचडीएमआयने जोडला. रिकामी जागा कमीत कमी ठेवली तरी ६० हर्ट्‌झला २४१.५ मेगाहर्ट्‌झ लागतात. या पिढीच्या इंटेल चिपला एचडीएमआयवर लिनक्सचा ड्रायव्हर २२५ च्या वर जाऊ देत नाही. त्यामुळे मॉनिटरने २५६० × १४४० सांगितलं तरी ड्रायव्हर ते यादीतून गाळतो, आणि आपल्याला वाटतं लिनक्सला मॉनिटर कळलाच नाही. त्याला सगळं कळलेलं असतं.

ऑफिसच्या जुन्या पीसीला मागे बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो. एक कोपरा कापल्यासारखा दिसणारा पोर्ट तो. त्यावर ही मर्यादा नाही. डिस्प्लेपोर्टची केबल घेतली की प्रश्न मिटतो. तो पोर्टच नसेल, तर मात्र ती इंटरनेटवरची कमांड खरोखर कामाची. सी-व्ही-टी ही कमांड डॅश आर सोबत २५६०, १४४० देऊन चालवली की मोडलाइन नावाची आकड्यांची ओळ मिळते. त्यात पहिला आकडा २४१.५० असतो. तो खोडून २०० करा, बाकीचे तसेच ठेवा. वेग कमी झाला की चित्र सेकंदाला जवळपास ५० वेळा बदलेल, आणि २०० हे २२५ च्या आत बसतं. मग एक्सरँडआरला तीन गोष्टी क्रमाने सांगायच्या: न्यूमोडने ही ओळ नावासकट दाखल करायची, ॲडमोडने ती तुमच्या पोर्टशी जोडायची, आणि आउटपुट-मोडने चालू करायची. सगळेच मॉनिटर ५० हर्ट्‌झ घेत नाहीत, पण ऑफिसच्या कामाचे बरेच घेतात. हे पुढच्या वेळी टिकायला या तीन ओळी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवून ती स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये नोंदवावी लागते. दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं जातं ते ही पायरी गाळल्यामुळे.

फोर-केचंही असंच. ३८४० × २१६० ला ६० हर्ट्‌झवर ५९४ मेगाहर्ट्‌झ लागतात, आणि एचडीएमआय १.४ ची झेप ३४० पर्यंत. म्हणून चौथ्या पिढीच्या मशीनवर फोर-के येतं, पण ३० हर्ट्‌झने, आणि माउस चिखलातून चालल्यासारखा वाटतो. आठव्या पिढीच्या बहुतेक मदरबोर्डांच्या एचडीएमआयचंही हेच, तिथेही डिस्प्लेपोर्टच उपयोगी. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत टीव्हीची लांब केबल भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये गाडलेली असते. लांबी वाढली की साधी केबल एवढा वेग सहन करत नाही, आणि ती बदलायला सुतार बोलवावा लागतो. नवीन घराचं काम काढलं असेल तर पाइप टाकून घ्या.

एएमडीचं नवं कार्ड घेतलेल्यांसाठी एक वेगळी अडचण. पूर्ण रंगांसह फोर-के १२० हर्ट्‌झला एचडीएमआय २.१ लागतं. त्याचा मुक्त-स्रोत ड्रायव्हर एएमडीने तयार केला, पण एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये त्याला परवानगी नाकारली. केबल कितीही भारी आणली तरी कागदोपत्री नकाराला ती काय करणार? इथेही उत्तर डिस्प्लेपोर्टच.

आकडा बरोबर, तरी चित्र बिघडलेलं

टीव्हीला पीसी जोडला आणि खालची पट्टी, कडेचे आयकॉन कापले गेले, तर दोष टीव्हीचा. जुन्या प्रसारणाच्या सवयीने तो चित्र थोडं फुगवून कडा बाहेर ढकलतो. टीव्हीच्या मेनूत जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा तत्सम नावाची सोय असते, ती चालू करा. लिनक्समध्ये काही करू नका.

१८.५ इंची जुने मॉनिटर मूळचे १३६६ × ७६८ चे, आणि ते हटकून अस्पष्ट दिसतात. कारण मजेशीर आहे: १३६६ ला ८ ने भाग जात नाही. ईडीआयडीच्या काही रकान्यांत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते, आणि सीव्हीटी कमांडही १३६८ करून देते. दोन ठिपक्यांच्या या तफावतीने अक्षरांच्या कडा विरघळतात. यादीत १३६६ असेल तर १३६० किंवा १३६८ च्या मोहात न पडता तेच घ्या, आणि व्हीजीए असेल तर मॉनिटरचं ऑटो बटण एकदा दाबा.

आजीला अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करून ठेवणं हा घरोघरचा उपाय. करू नका. त्याने सगळंच धुरकट होतं आणि डोळ्यांना त्रास वाढतो. रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवा आणि सेटिंग्जमध्ये स्केलिंग किंवा अक्षरांचा आकार सव्वापट, दीडपट करा.

वेलँडवर

वर एक्सरँडआरचं जे सांगितलं ते एक्स११ साठी. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप आता एक्स११ ची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालतो, आणि उबुंटू २५.१० पासून त्यातलं एक्स११ चं सत्र काढूनच टाकलंय. तिथे एक्सरँडआर उत्तर देतं, पण बदल करू शकत नाही. पाच वर्षांपूर्वीचे सल्ले म्हणूनच वाया जातात. तुमच्याकडे काय आहे ते सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये, सिस्टमच्या तपशिलात, विंडोइंग सिस्टमपुढे लिहिलेलं असतं.

वेलँडवर यादी बघायला मूळ फोल्डरपासून सिस, मग क्लास, मग डीआरएम असं जा. कार्ड१-एचडीएमआय-ए-१ अशा नावाचे फोल्डर दिसतील. त्यातल्या मोड्स फाइलीत कर्नलची यादी असते, आणि वरची निदानं तिच्यावरही लागू पडतात. केबल बदलणं शक्यच नसेल आणि आकडा लादायचाच असेल, तर तो ग्रबच्या फाइलीतून कर्नललाच सांगायचा: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०@६०, अर्थातच इंग्रजी अक्षरांत. पोर्टचं नाव फोल्डरात दिसतं तसंच, मधल्या ए सकट लिहा. एक्सरँडआर त्याच पोर्टला बऱ्याचदा नुसतं एचडीएमआय-१ म्हणतं, आणि या एका अक्षरापायी पुष्कळांची संध्याकाळ जाते.

काही चुकून पडदा काळा झाला किंवा आउट ऑफ रेंज आलं, तर लगेच पॉवरचं बटण दाबू नका. सेटिंग्जमधून केलेला बदल मान्य केला नाही तर काही सेकंदांत आपोआप मागे फिरतो. नाहीच फिरला, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, साध्या अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करा आणि तुमच्या फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिगमधली, नावात मॉनिटर्स असलेली एक्सएमएल फाइल पुसून पीसी पुन्हा चालू करा. निवड त्या फाइलीत साठवलेली असते. ती गेली की डेस्कटॉप मॉनिटरची आवड पुन्हा वाचतो. आकडा कर्नलला सांगून गडबड झाली असेल, तर ही फाइल पुसून उपयोग नाही. ग्रबच्या मेनूत ई दाबा, व्हिडिओने सुरू होणारा तो तुकडा ओळीतून काढा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून डेस्कटॉप दिसायला लागला की ईटीसीतल्या ग्रब फाइलीतूनही तो काढायचा आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवायचं.